दहा वर्षं टिकणारी बॅटरी

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार, पण मोजकं. मोजकं बोलणं हाच आमच्या धंद्याचा पाया आहे. आमची कंपनी बिनतारी सेन्सर बनवते. बोटाएवढ्या बॅटरीवर चालतात आणि डोंगरापलीकडे संदेश पाठवतात. पाण्याच्या टाकीवर, गोदामाच्या दारावर, कुठेही चिकटवा आणि विसरून जा. सेन्सर दिवसभर झोपलेला असतो. काही घडलं की जागा होतो, दोन शब्द बोलतो आणि परत झोपतो. माझ्या मते माणसानेही असंच जगावं. बायकोच्या मते मी तसाच जगतो.

साहेबांनी आज नवीन मालाची घोषणा केली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी दारावरचा सेन्सर. दार उघडलं की मुलाच्या मोबाइलवरचा ठिपका हिरवा होतो. बॅटरी दहा वर्षं. हा दहाचा आकडा साहेबांनी आधी छापून घेतला, आता तो खरा करून दाखवायचं काम आमच्याकडे. जानेवारीत मोठ्या गिऱ्हाइकासमोर सादरीकरण आहे. त्यासाठी खरं घर पाहिजे, खरं दार पाहिजे, खरा म्हातारा पाहिजे.

सगळे खाली माना घालून बसले. मी हात वर केला. म्हटलं, माझे वडील.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, आप्पा म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. मी म्हटलं, टाकीपेक्षा सोपं आहे, आप्पा गळत तरी नाहीत. ती हसली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आप्पांकडे जाऊन आलो. बसने तीन तास, त्यात शेवटचा रस्ता म्हणजे कंबरडं मोडायचं काम. आई गेल्यापासून आप्पा एकटेच असतात. इकडे या म्हटलं तर नको म्हणतात. मीही फार ताणून धरत नाही. दोन खोल्यांत माणसाला कोंडून ठेवायचं म्हणजे त्यांनाच त्रास.

सेन्सर झकास बसला. चुंबकाचा तुकडा दारावर, सेन्सर चौकटीवर. दोघांची ताटातूट झाली की संदेश जातो. संदेश नेटवर्कला मिळाला की तिकडून पोच येते आणि सेन्सरवरचा बारीकसा हिरवा दिवा लुकलुकतो. आप्पा खुर्ची ओढून दारापाशीच बसले होते. चष्मा वर-खाली करून सगळं पाहत होते. विचारलं, "दार उघडलं की तुला कळणार?"

म्हटलं, लगेच.

"आणि तुला कळलं, हे मला कसं कळणार?"

या वयात हा प्रश्न. तांत्रिक डोकं आहे माणसाला. मी म्हटलं, हा हिरवा दिवा लागला की समजायचं, मला पोचलं. तसं पाहिलं तर पोच मी देत नाही, नेटवर्क देतं. मी त्या वेळी झोपलेला किंवा मीटिंगमध्येही असेन. पण म्हाताऱ्या माणसाला इतकं खोलात कशाला सांगायचं.

आप्पा खूश झाले. म्हणाले, आमच्या केबिनसारखंच की. आप्पांनी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली. तिथे गाडी सोडण्याआधी पुढच्या केबिनला घंटा द्यायची, आणि तिकडून तीच घंटा उलट आली की मगच सिग्नल पाडायचा. उलट घंटा नाही तर गाडी नाही, मग आत लाटसाहेब का बसलेला असेना. लहानपणी मी केबिनखाली खेळत असायचो तेव्हा आप्पा वरून कठड्यावर टकटक करायचे. दोन ठोके, थांबून एक. म्हणजे, आहेस ना तिथे? मी दगडाने खांबावर तसेच ठोके द्यायचो. नाही दिले तर जिना उतरून खाली यायचे.

निघताना त्यांनी दाराच्या चौकटीवर तसंच केलं. दोन, थांबून एक. बस चुकेल म्हणून मी पळालो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कामाचं सोनं झालं. ऑफिसात बसल्या बसल्या आप्पा दिसतात. सकाळी सहाच्या सुमाराला ठिपका हिरवा, दूध घेतलं. नऊला परत, पेपर. संध्याकाळी चक्कर. ठणठणीत आहेत.

यामुळे एक मोठी सोय झाली. रोजच्या फोनची गरज उरली नाही. आप्पांना ऐकू कमी येतं, मला ओरडावं लागतं, आणि आमच्या घरच्या गोष्टी अख्ख्या मजल्याला कळतात. विचारायचं तरी काय असतं? बरे आहात ना. बरा आहे. ते आता ठिपक्यावरूनच कळतं.

हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, तू त्यांना पाहतोस, ते तुला कुठे पाहतात? हिला रेडिओ तंत्रज्ञान समजावणं जड जातं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बॅटरी उतरतेय. अंदाजापेक्षा फारच भराभर. या वेगाने दहा वर्षं सोडा, उन्हाळा काढायची नाही.

आकडे पाहिले. दार अतोनात उघडतंय. दिवसातून सात-आठ वेळा समजू शकतो, पण हे चाळिशीच्या घरात. शिवाय उघडण्याची तऱ्हा विचित्र. दोनदा पटपट, मग जरा थांबून एकदा. परत काही वेळाने तसंच. चुंबकात दोष असणार. नाहीतर कडी सैल असेल आणि वाऱ्याने दार आपटत असेल. हा नमुना कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतोय. बहुधा मागच्या लॉटच्या चुंबकांत.

येत्या रविवारी जाऊन कडी पाहायची. नक्की.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो नाही. गुडघा. बसचा तो रस्ता आणि माझा गुडघा यांचं जमत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आप्पांचा फोन आला. ऐकू येत नसल्यामुळे ते सहसा करत नाहीत, म्हणून दचकलोच. पण काही नव्हतं. विचारत होते, पोचतंय ना?

ओरडून सांगितलं की सगळं पोचतंय. वर हेही सांगितलं की कडी नीट लावत जा, दार सारखं उघडझाप करतंय, थंडी आत येईल.

ते म्हणाले, दिवा छान लागतो रे.

मी म्हटलं, हो, चांगल्या प्रतीचा आहे.

मग ते म्हणाले, ठेवू का? मी म्हटलं, ठेवा. एवढ्या संभाषणाला किती ऊर्जा लागते याचा कुणी विचार करत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

तोडगा सापडला. सेन्सर बोलून झालं की क्षणभर कान देतो. तेवढ्यात त्याला दुरूनच नवीन हुकूम द्यायचा, मग आप्पांकडे जाण्याची गरजच काय? आज हुकूम दिला: एका मिनिटात दार कितीही वेळा उघडलं तरी एकदाच धरायचं. दोन-आणि-एकचा तो सगळा गोंधळ मिटला. आता आलेख कसा स्वच्छ दिसतो.

बॅटरीची उतरण कमी झाली, पण व्हावी तितकी नाही. खरा खर्च वेगळीकडेच आहे. आप्पांचं घर टेकडीच्या खोलगट बाजूला. आमचा टॉवर टेकडीपलीकडे. जवळचा सेन्सर कुजबुजला तरी ऐकू जातं, पण आप्पांच्या सेन्सरला सावकाश, एकेक अक्षर ओढत बोलावं लागतं. एक संदेश म्हणजे वीसपट खर्च. त्यात पोच यायला टेकडी आड येते. पोच आली नाही की तो परत बोलतो. परत नाही आली की परत. वेड्यासारखा बोलत राहतो, उत्तर मिळेपर्यंत. अशाने कुठली बॅटरी टिकणार?

साहेबांनी आलेख मागितलाय. या रविवारी आप्पांकडे जाणं अवघड दिसतं.

८ डिसेंबर, सोमवार

धाडसी निर्णय. पोच बंद केली.

कारण साधं आहे. संदेश तर आपल्याला मिळतोच. मग मिळाला असं सेन्सरला उलट कळवायचं कशासाठी? त्याला काय करायचंय कळून? शिवाय टॉवरची एक अडचण असते. तो स्वतः बोलत असतो तेव्हा त्याला कुणाचंच ऐकू येत नाही. प्रत्येकाला उत्तर देत बसला तर ऐकणार कधी? मोठ्या जाळ्यात पोच ही चैन आहे.

खर्च निम्म्याहून खाली आला. संध्याकाळी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि घरी येताना मिठाई आणली. हिने विचारलं, मग तो दिवा? म्हटलं, दिवा पोचेवर लागायचा, आता नाही लागणार, त्याचीही बचत. तिने मिठाई घेतली नाही. दात दुखतोय म्हणाली.

११ डिसेंबर, गुरुवार

आप्पांच्या शेजारच्या ताईंचा फोन. घरीच शिवणकाम करतात, अधूनमधून आप्पांना डबा देतात, भल्या बाई आहेत. जरा बोलक्या. सांगत होत्या की आप्पा दिवा बिघडला म्हणून बेचैन आहेत, दिवसभर दार उघडतात आणि लावतात, मशीनवर बसलं तरी खाडखाड ऐकू येतं. एकदा बोला तुम्ही त्यांच्याशी.

लगेच आप्पांना फोन लावला. म्हटलं, काही बिघडलेलं नाही, बॅटरी वाचवतोय.

ते म्हणाले, "बॅटरी संपली तर मी आणून घालतो. दुकान कोपऱ्यावरच आहे."

मला हसू आलं. म्हटलं, आप्पा, बदलावी लागू नये हाच तर सगळा खटाटोप आहे. दहा वर्षं हात लावायला नको.

ते म्हणाले, "दहा वर्षं कशाला?"

उत्तर आहे, साहेबांनी छापलेलं आहे, पण ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. रविवारी येतो म्हटलं. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते बरं म्हणाले.

१५ डिसेंबर, सोमवार

काल जाणारच होतो. पिशवीही भरली होती. पण साहेबांनी दुपारी स्लाइड मागितल्या.

दाराचे आकडे कमी होईनात, उलट वाढलेच. पोच नाही तर माणूस गप्प बसेल असं वाटलं होतं. आलेखाची पार वाट लागली. तेव्हा आज शेवटचा उपाय केला. आता सेन्सर दार उघडलं की बोलणारच नाही. फक्त मोजून ठेवेल. चोवीस तासांतून एकदा, सकाळी, एकच संदेश: मी आहे. सोबत कालचा आकडा. बस्स. आप्पा असोत नसोत, संदेश येणार. म्हणजे घरी असोत नसोत.

साहेब म्हणाले, हेच पाहिजे होतं, कोण मुलगा दिवसभर बापाचं दार बघत बसतो? मी हसलो. सगळे हसले.

बॅटरीचा अंदाज एका झटक्यात नऊ वर्षांवर. अजून थोडी कसर.

१९ डिसेंबर, शुक्रवार

हिने मला न सांगता आप्पांना फोन केला होता. हिची नर्सची नोकरी, वर महिनाभर रजा बंद, नाहीतर मीच गेले असते म्हणाली. आप्पांचा आवाज पडलेला वाटला तिला. काही पाहिजे का विचारलं तर म्हणाले, पुढच्या केबिनकडून घंटा येत नाही.

मी हिला समजावलं की या वयात माणूस जुन्या दिवसांत जातो. कुठली केबिन आणि कुठली घंटा. ती लाइन बंद होऊनही जमाना झाला. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तू इतका हुशार आहेस ना.

बऱ्याच दिवसांनी कौतुक केलं. बरं वाटलं.

२७ डिसेंबर, शनिवार

आनंदाची बातमी. आकडे उतरले. पंधरा, मग नऊ, मग पाच. काल दोन. आज एकच. आप्पांना सवय झाली. माणसाला शिस्त लागायला वेळ लागतो, पण लागते. बॅटरीची रेष टेबलावर ठेवल्यासारखी सपाट. इतका सुंदर आलेख मी सबंध नोकरीत पाहिलेला नाही.

अंदाज: दहा वर्षं, दोन महिने.

उद्या जायचं होतं, पण आता मुद्दाम जाऊन त्यांची लागलेली घडी विस्कटण्यात अर्थ नाही. सादरीकरण झालं की सरळ चार दिवसांची रजा टाकतो. आप्पांना घेऊन जुन्या केबिनपर्यंत चालत जाऊ. गुडघ्याला हळूहळू चाललं तर चालतं. नवीन वर्षाचा पहिला संकल्प हाच.

१ जानेवारी, गुरुवार

आप्पांना फोन करायचा होता. रेंज नव्हती. नंतर रेंज होती, पण ते झोपले असतील.

६ जानेवारी, मंगळवार

उद्या सादरीकरण. आणि नेमकं आजच घोडं अडलं. सकाळचा संदेश आला. मी आहे. आणि कालचा आकडा: जवळजवळ शंभर.

शंभर कसं शक्य आहे? परवापर्यंत एक-दोनवर होतं. आठवडाभराची सपाट रेष आणि शेवटी हा सुळका. साहेबांना दाखवला तर त्यांचं तोंड पडलं. वारा असेल म्हणाले. हवामान पाहिलं, वारा नव्हता. मग मी म्हटलं, मोजणीची चूक. एखादा आकडा बाकीच्यांशी जुळत नसेल तर तो खोटा मानून वगळायचा, ही शास्त्रीय पद्धतच आहे. वगळला. रेष परत सपाट.

आप्पांना एक फोन करून पाहिला. घंटा वाजत राहिली. ऐकू गेली नसेल. स्लाइड बाकी होत्या.

७ जानेवारी, बुधवार

सादरीकरण उत्तम झालं. गिऱ्हाइकांपैकी एका बाईंनी विचारलं, त्या माणसाचं बरं चाललंय हे तुम्हाला कसं कळतं? साहेबांनी माझ्याकडे हात केला. मी आजच सकाळचा संदेश पडद्यावर दाखवला. मी आहे. टाळ्या पडल्या.

कालचा आकडा संदेशात शून्य होता. तोही मी समजावून सांगितला. म्हटलं, शांत दिवस.

फोन बंद ठेवला होता. उघडला तर शिवणकामवाल्या ताईंचे किती तरी कॉल. त्या दोन-तीन दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. आज परतल्या तेव्हा आप्पांचं दार किलकिलं होतं आणि आप्पा दारामागे जमिनीवर. सोमवारी सकाळीच पडले असावेत. खुब्याचं हाड. उठता येत नव्हतं. काठीची मूठ दाराच्या कडेला अडकवून ते पडल्या पडल्या दार ओढत होते आणि ढकलत होते. दाराच्या खालच्या अंगाला काठीचे ओरखडे उठलेत, त्या म्हणाल्या. नवीन आहेत.

बसमध्ये लिहितोय. हा रस्ता फार लांब आहे.

८ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटल. आप्पा डोळे उघडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, गारठ्याने आणि पाण्यावाचून अंगात काही राहिलं नाही. हाडाचं काही वाटलं नसतं. एक दिवस आधी आणायला हवं होतं.

मी सांगितलं की आम्हाला कळायला उशीर झाला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एकटी माणसं असली की.

उशीर झाला नव्हता. मंगळवारी सकाळीच मला कळलं होतं. आकडा माझ्यासमोर होता. मी तो पुसला.

दुपारी ही आली. आप्पांच्या ओठांना ओला कापूस लावत बसली. मग ती चहा आणायला खाली गेली तेव्हा मी पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ठोके दिले. दोन, थांबून एक. उत्तर आलं नाही. कमी ऐकू येतं म्हणून जोरात दिले. परत. परत. नर्स येऊन म्हणाली, जरा थांबवा, शेजारच्या पेशंटना त्रास होतो.

मी थांबलो. मग बोटाने हळूच त्यांच्या तळहातावर दिले. त्यांचा हात गरम होता. बोटं हलली असं मला वाटलं. ही म्हणते, हलली नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार

आप्पा गेले. पहाटे. मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलो होतो.

१० जानेवारी, शनिवार

सकाळी संदेश आला. मी आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

आप्पांच्या घरी आहोत. ताई दोन वेळा डबा देतात. त्यांनी सांगितलं की आप्पा दार उघडून दिव्याकडे पाहायचे आणि दिवा लागला की त्यांना हाक मारून म्हणायचे, मुलाने उत्तर दिलं. दिवा बंद झाल्यावर म्हणाले, कामात असेल. मग म्हणाले, सारखं सारखं नको उघडायला, तिकडे त्याची बॅटरी जाते.

ही दुसऱ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी दारापाशी आप्पांच्या खुर्चीत बसलो. तिथून फक्त सेन्सर दिसतो. दुसरं पाहण्यासारखं काही नाही. आता मला कुणी विचारलं की तुला काय वाटतं, तर मला ते सांगता येणार नाही. मला आप्पा पाहिजेत एवढंच वाटतं. रविवारी आलो असतो तर कुठल्याही रविवारी ते इथे होते.

सेन्सर काढायला स्क्रू-ड्रायव्हर आणला होता. आज राहू दे. पुढच्या वेळी आलो की काढतो.

२१ जानेवारी, बुधवार

कामावर गेलो. साहेब उठून भेटायला आले, खांद्यावर हात ठेवला. मालाची ऑर्डर मिळाली आहे. नंतर जरा अडखळत म्हणाले, तो सेन्सर इतक्यात काढू नका. सगळ्या चाचणीत दहा वर्षांवर गेलेला तो एकच आहे.

मी म्हटलं, नाही काढत.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी त्याला नवीन हुकूम पाठवला. सगळं पहिल्यासारखं. दार उघडलं की लगेच बोलायचं. प्रत्येक वेळी. पोच मागायची. नाही मिळाली तर परत मागायची, मिळेपर्यंत. आणि पोच आली की दिवा. अंदाज धाडकन खाली आला. असू दे. दार उघडणारं कुणी नाही, तेव्हा तसा काही फरक पडत नाही.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, आता? मी म्हटलं, हो, जमलं शेवटी.

२५ जानेवारी, रविवार

आप्पांचं घर आवरायला जायचं होतं. गेलो नाही. गुडघा.

१ फेब्रुवारी, रविवार

आजही निघणं झालं नाही. दुपारी जेवून पेपर वाचत होतो. मोबाइल थरथरला. ठिपका हिरवा. आप्पांचं दार उघडलं.

मी ताडकन उठलो. पायात चपला घातल्या. कुठे जाणार होतो ते माहीत नाही. मग आप्पांच्या घरचा फोन लावला. तो अजून बंद केलेला नाही. घंटा वाजत राहिली आणि उचलला गेला. मी जोरात म्हटलं, आप्पा.

तिकडून ताई म्हणाल्या, "अहो, मी आहे. घर झाडायला आले होते, किल्ली माझ्याकडेच आहे ना."

मी हो हो म्हटलं. त्यांनी विचारलं, तुम्ही येणार होतात ना रविवारी? म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. मग त्या म्हणाल्या, दिवा लागला बघा तुमचा, कधीचा बंद होता. आणि जरा थांबून म्हणाल्या, मी आत पाऊल टाकतेय तोवर तुमचा फोन, तुम्हाला बरं लगेच कळलं.

मी म्हटलं, हो. आता लगेच कळतं.